मोहाच्या झाडाची दिल्ली

वडशाला उतरून मुबीन पेंटरचं घर विचारलं तर लोक जरा डोकं खाजवतील. "दिल्लीवाले मुबीनभाई" म्हणा, की ऑटोवाला पुढं काही न विचारता स्टेशनमागच्या टिनाच्या शेडपाशी आणून सोडेल. गंमत अशी, की या मुबीनभाईंनी उभ्या जन्मात दिल्ली पाहिली नव्हती. त्यांनी ती रंगवली होती.

दिवाळी झाली, धान कापून झालं, की या मुलखात नाटकांचा हंगाम सुरू होतो. गावोगावच्या मंडईच्या जत्रेला, शंकरपटाच्या बैलशर्यतींना, धानाच्या रिकाम्या झालेल्या बांध्यांमध्ये मंच उभे राहतात आणि माणसं चादरी-ब्लँकेट गुंडाळून नाटक पाहत बसतात. मंचावर मागं जो रंगवलेला पडदा सुटतो तो बहुतेक वेळा मुबीनभाईंच्या शेडमधून गेलेला. जंगल, नदीकाठ, देऊळ, राजवाडा. पण सगळ्यांत जास्त मागणी लाल किल्ल्याला. बादशहाचा दरबार असला की तो पडदा लागे. कौटुंबिक नाटकातला पोरगा साहेब होऊन दिल्लीला गेला तरी त्याच्या बंगल्यामागं तोच लाल किल्ला उभा. कोणी हरकत घेतली नाही. दिल्ली म्हटल्यावर मागं किल्ला दिसणारच, असं सगळ्यांना वाटे.

हा पडदा एका कॅलेंडरवरून उतरला होता. तांदळाच्या एका व्यापाऱ्यानं वाटलेलं कॅलेंडर, वर किल्ल्याचं चित्र, आणि डावीकडचा खालचा कोपरा उधईनं खाऊन टाकलेला. मुबीनभाई तेव्हा तरुण, नुकतंच लग्न झालेलं. चित्रासमोर उकिडवे बसून म्हणाले, "या कोपऱ्यात काय असंल?"

जरीना चुलीवर खळ ढवळत होती. कापड ताठ व्हायला खळ लागते, आणि ती गुठळी न होऊ देता शिजवणं हे नव्या नवरीला मिळालेलं पहिलं काम. ती म्हणाली, "झाड असंल."

"कोणतं झाड?"

"मोहाचं काढा ना. मले तं तेच येते वळखू."

मुबीनभाईंनी मोहाचं झाड काढलं. आणि तेव्हापासून वडसा, सिंदेवाही, मुलचेऱ्यापर्यंत सगळ्या मुलखाच्या लाल किल्ल्याजवळ एक भरदार मोह उभा राहिला. नाटक कंपनीचे नानाजीभाऊ तर ऑर्डरच तशी देत, "पेंटरभाऊ, औंदा नवीन पायजे. मोहाच्या झाडाची दिल्ली."

पडदा रंगवायची त्या दोघांची एक रीत होती. शेडमागं दोन खांबांवर आडवा बांबू, त्याला पडदा टांगलेला. त्यापलीकडं दुसऱ्याचं शेत. मुबीनभाई म्हणायचे, पडदा जवळून पाहायची वस्तूच नाही. लोक पाहतात लांबून, दिव्यांच्या उजेडात, आणि समोर बसलेल्याच्या डोक्यावरून. म्हणून मोठमोठ्या रेघा मारून झाल्या की ते शेत ओलांडून पार पलीकडच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर जाऊन उभे राहत आणि तिथून हाक देत, "जरीनाऽ, बुरुजाले लाल वाढव!" जरीना शिडीवर, हातात कुंचला. ऐकलं, हे कळवायला तिनं ओरडायचं नाही. सासूबाई तेव्हा हयात होत्या. बाईमाणसानं शेतात गळा काढू नये, असं त्यांचं म्हणणं. म्हणून जरीना हातातलं पांढरं फडकं वर करायची. फडकं वर गेलं की धुऱ्यावरून पुढची हाक. सासूबाई गेल्या, जाहिद झाला, मोठा झाला, त्याचं लग्न झालं, इकरा झाली, तरी फडकंच वर जात राहिलं.

मुबीनभाईंच्या डोळ्यांचं समजलं ते फार उशिरा. काचबिंदू. आधी बाजूचं दिसणं जातं, मग हळूहळू मधलं. नागपूरच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि गेलेलं परत येणार नाही, हे नीट समजावून सांगितलं. माणूस चांगला होता. निघताना त्यांनी मुबीनभाईंच्या खांद्यावर हात ठेवला. "जे पाहायचं राहिलं असेल ते पाहून घ्या काका," म्हणाले.

बसमध्ये मुबीनभाई खिडकीशी बसले होते. भिवापूर गेलं तेव्हा म्हणाले, "दिल्ली."

जाहिदनं तिथंच ठरवून टाकलं. पण दिवाळी तोंडावर आलेली, नानाजीभाऊंची ऑर्डर आलेली. मुबीनभाई म्हणाले, हंगाम होऊ दे. किल्ला काही पळून नाई चालला.

जाहिद वाईट मुलगा नव्हे. बाजारात त्याचं फ्लेक्स छपाईचं दुकान, आणि आता निम्म्या नाटक कंपन्या पडदेसुद्धा फ्लेक्सचेच घेऊ लागलेल्या. त्याला मोठं मशीन घ्यायचं होतं आणि ठेवायला शेडएवढी जागा दुसरी नव्हती. तरी त्यानं स्वतःच सांगितलं होतं, "अब्बाले जोपर्यंत दिसते तोपर्यंत शेड अब्बाची." आईसमोर सांगितलं, बायकोसमोर सांगितलं. असा शब्द दिला म्हणजे त्याची दुसरी बाजूही आपोआप ठरून जाते. ज्या दिवशी अब्बांना दिसत नाही हे जाहिदला कळेल, त्या दिवसापासून शेड मशीनची.

संक्रांतीच्या आसपासची सकाळ. रात्री दव पडलं होतं, कापडाची खळ वाळली नव्हती, म्हणून जरीनानं पडदा टांगलाच नाही. मुबीनभाई चहा पिऊन नेहमीसारखे शेत ओलांडून धुऱ्यावर गेले. त्यांना सांगायचं तिच्या मनात होतं, तेवढ्यात आत दूध उतू जायला आलं. ती बाहेर आली तोवर हाक आलीसुद्धा.

"जरीनाऽ! बुरुजाले लाल वाढव!"

तिनं पाहिलं. दोन खांब, आडवा बांबू. त्यापलीकडं कापलेल्या धानाची खुंटं आणि सकाळचं आभाळ.

काय करावं ते तिला कळलं नाही. तिनं फडकं वर केलं.

"अजून! अजून थोडा!"

तिनं पुन्हा वर केलं.

"बस! आता सोड!" ते खूश होऊन ओरडले.

जरीना आत गेली. दूध पाहिलं, भाकरी टाकल्या, इकराची वेणी घातली. कोणाला काही बोलली नाही. रडू येईल म्हणून तिनं वाट पाहिली, ते आलं नाही. पायावर बराच वेळ बसून राहिलं की पाय आपला नसल्यासारखा होतो, चिमटा काढला तरी दुसऱ्याला काढल्यासारखा लागतो. तसं काहीतरी तिला सगळ्या अंगात झालं, आणि ते उतरलंच नाही. हंगाम संपला. रोजे आले, गेले. ईदची शेवई तिनं नेहमीसारखी केली, लोकांनी चांगली झाली म्हटलं. तिला चव कळली नव्हती.

नानाजीभाऊंना दिलेला पडदा तिनं एकटीनं रंगवला होता. धुऱ्यावरून हाका येत होत्या, त्यातल्या काही बरोबर जागी पडत, काही नाही. जिथं पडत नसत तिथं ती स्वतःच्या मनानं रंग भरायची आणि फडकं वर करायची.

निघायच्या दिवशी शेजारच्या कमळाबाई मुद्दाम आल्या. शेतकरी बाई, पहाटेच मोह वेचून आलेली, टोपलीभर फुलांचा वास अंगाला.

"पेंटरबाई, येताना दिल्लीच्या मोहाची चार फुलं आणजा वो. पाह्यतो, आपल्यावानीच गोड आहेत का."

"आणतो ना," जरीना म्हणाली.

झाड तिनंच सुचवलेलं, हे तिला ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर इतक्या हंगामांत त्या झाडाला तिनं इतके वेळा पानं लावली होती, की असेलही तिथं एखादं, असं तिला अर्धवट वाटायला लागलं होतं.

वडशाहून बल्लारशा आणि तिथून दिल्लीची गाडी. खिडकी मुबीनभाईंना दिली. ते खिडकीकडं तोंड करून सगळ्यांशी बोलत राहिले. इकरा आजोबांना म्हणायची, "दादा, नदी!" ते म्हणायचे, "केवढी आहे पाह्य!" इकरा म्हणायची, "दादा, उंट!" आणि ते म्हणायचे, "त्याले मन, चाल वडशाले, शंकरपटात पळवू तुले." डबा हसायचा. जाहिद हसायचा. सून फरहत, चंद्रपूरची, बोलायला जरा शहरी, म्हणायची, "अब्बांची तब्येत प्रवासात किती खुलली नाही?"

जरीना त्यांच्या डाव्या अंगाला बसली होती. दिल्लीतही ती सारखी डाव्या अंगालाच राहिली. पायरी आली की हळूच म्हणायची, "पायरी." जसं कोणी सहज "हं" म्हणतं तसं. ते पाय उचलायचे. तू हे का म्हणतेस, असं त्यांनी एकदाही विचारलं नाही. तुम्हाला का सांगावं लागतं, असं तिनंही विचारलं नाही.

कुतुबमिनार झाला. इकरा मान वर करून म्हणाली, "दादा, वर पाहा!" मुबीनभाईंनी डोक्यावरची टोपी हातानं धरली आणि मान मागं टाकली. "बाप्पा! पडते का काय अंगावर!" शेजारचं एक पंजाबी कुटुंबसुद्धा हसलं. इंडिया गेट झालं. तिथं फरहतनं सगळ्यांचे फोटो काढले. फोटोत सगळे मोबाईलकडं पाहत होते, मुबीनभाई जरा बाजूला. "अब्बा, इकडं पाहा ना, कुठं पाहता?" फरहत म्हणाली. "तिकडं आइस्क्रीमवाला आहे, पोरीले घेऊन दे," ते म्हणाले. आइस्क्रीमवाला खरंच तिकडं होता. त्याची घंटी जरीनानंही ऐकली होती.

निजामुद्दीनच्या दर्ग्यात चादर चढवली. जरीनानं हात उचलले, पण काय मागावं ते सुचेना. इतर बायका जाळीला धरून रडत होत्या. ती पाहत राहिली. मग तिनं सगळ्यांच्या चपला सांभाळल्या.

"अम्मी, तुम्हाला आवडत नाही का दिल्ली?" फरहतनं मेट्रोत विचारलं.

"आवडते ना."

"मग काही बोलत नाही तुम्ही."

"पाहून राह्यलो ना मी," जरीना म्हणाली. पाहत तर ती होतीच. सगळं डोळ्यांसमोरून जात होतं, सरकत्या पायऱ्या, उंच इमारती, केसांत फुलं न माळलेल्या बायका. जात होतं आणि कुठं टेकत नव्हतं.

लाल किल्ला मुद्दाम शेवटच्या दिवसासाठी राखलेला. संध्याकाळची गाडी होती. सकाळी मुबीनभाईंनी आंघोळ करून ईदचा कुर्ता घातला, अत्तर लावलं. जाहिदनं बापाची दाढी नीट करून दिली. मेट्रोच्या स्टेशनातून वर आले, गर्दीतून वाट काढत किल्ल्यासमोरच्या मोकळ्या फरशीवर पोचले, तर फाटकाकडं जायची वाट बंद. दोरी लावलेली. तिथल्या शिपायानं पाहिलंसुद्धा नाही, नुसतं म्हटलं, "मंडे को बंद रहता है."

जाहिदनं कपाळावर हात मारला. "मोबाईलवर सारं पाह्यलं मी. टायमिंग पाह्यलं, मेट्रो पाह्यली. वार नाई पाह्यला!"

"तुमचं नेहमीचंच आहे," फरहत म्हणाली. "लग्नाच्या हॉलचंही असंच झालं होतं."

"त्याचा काय संबंध इथी?"

"अरे, भांडता काऊन," मुबीनभाई म्हणाले. "माह्या पडद्यातल्या किल्ल्यात आजपर्यंत कोणी आत गेलं का? लाल किल्ला बाहेरूनच पाह्याची वस्तू आहे. आत राह्यते कोण? बादशा? तो केव्हाचाच गेला."

जाहिदला हसू आलं, पण डोळे ओले झाले. तो म्हणाला, "अब्बा, तुम्ही अम्मीसंग बसा इथी. पोटभर पाहा. आमी पोरीले काही खायाले घेऊन येतो." रस्त्याच्या बाजूला एक बुटका कट्टा होता. त्यावर दोघांना बसवून तो इकराला आणि फरहतला घेऊन गर्दीत शिरला.

जरीनानं पिशवी मांडीवर घेतली. सगळ्यात आधी तिनं किल्ल्याच्या डावीकडं पाहिलं. कमळाबाईंच्या चार फुलांसाठी. हिरवळ होती, लोखंडी कठडा होता, एक निळी पाटी होती. झाड नव्हतं. दूर कुठं काही झाडं होती, पण मोहाचं पान तिनं लांबूनही ओळखलं असतं.

"पाह्य जरीना," मुबीनभाई हळू आवाजात म्हणाले. "मी मनत होतो ना, आपला लाल कमी पडते. कसा पेटल्यावानी लाल आहे."

तिनं त्यांच्याकडं वळून पाहिलं. ते कट्ट्यावर रस्त्याकडं तोंड करून बसले होते. रस्त्यापलीकडं जैनांचं मंदिर होतं, तेही लाल दगडाचं, उंच शिखरांचं. सकाळच्या उन्हात ते उजळून निघालं होतं आणि भोवती कबुतरं उडत होती. किल्ला मुबीनभाईंच्या पाठीमागं होता.

"बुरुज पाह्यला का?" ते म्हणाले. "अन् वरच्या त्या छत्र्या? मी मोठ्या काढतो का लहान?"

तिला नुसतं 'हाव' म्हणता आलं असतं. संध्याकाळी गाडी होती. वडशाला उतरल्यावर ते नानाजीभाऊंना सांगतील, पाहून आलो, लाल वाढवावा लागंल. जाहिद शेडला हात लावणार नाही. पुढच्या दिवाळीला पुन्हा धुऱ्यावरून हाका येतील आणि पुन्हा फडकं वर जाईल. सगळं जिथल्या तिथं राहील. फक्त जे पाहायला आले त्याच्याकडंच ते पाठ करून बसले होते, आणि हे एकट्या तिलाच माहीत राहणार होतं, जन्मभर.

"ऊन येऊन राह्यलं तुमच्या डोळ्यावर," ती म्हणाली. "इकडं तोंड करून बसा."

 हात कट्ट्यावर टेकून तसेच बसून राहिले. एक ई-रिक्षा भोंगा वाजवत गेली.

"ऊन तं पाठीवर आहे माह्या, जरीना," ते म्हणाले.

तिच्या लक्षात आलं. सकाळची वेळ, ऊन किल्ल्याच्या मागून वर चढत होतं. त्यांचा कुर्ता पाठीवर तापला होता. इतकी साधी गोष्ट, आणि ती चुकली होती.

मुबीनभाईंनी एक पाय उचलून कट्ट्यापलीकडं टाकला, मग दुसरा. सावकाश वळून किल्ल्याकडं तोंड करून बसले. ऊन त्यांच्या चेहऱ्यावर पडलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

"तिकडं काय होतं?"

"देऊळ आहे. तेबी लालच आहे."

"मोठं आहे?"

"हाव."

"मंग काही लय चूक नाई झाली." ते थोडंसं हसले. मग विचारलं, "केव्हापासून माहीत आहे तुले?"

"संक्रांतीपासून."

"कसं?"

"त्या दिवशी पडदा टांगलाच नोता मी. खळ वाळली नोती."

मुबीनभाईंनी मान तिच्याकडं वळवली. "अन् मी तिकडून लाल वाढव मनून राह्यलो?"

"हाव."

"मंग तू काय केलं?"

"फडकं वर केलं."

"रिकाम्या बांबूपाशी?"

"हाव."

"काऊन?"

"सवय," जरीना म्हणाली.

त्यांचे खांदे हलायला लागले. हसत होते की काय ते तिला नक्की कळलं नाही. तिनं पाण्याची बाटली पुढं केली, त्यांनी ती घेऊन नुसती हातात धरली.

"आता काय दिसते तुमाले?" तिनं विचारलं. इतक्या दिवसांत हा प्रश्न तिनं पहिल्यांदा विचारला.

"उजेड कळते. लाल थोडा कळते, मोठा असला तं. बाकी सकाळच्या धुईत शेत दिसते ना, तसं. आहे हे माहीत असते मनून दिसते." मग म्हणाले, "जाहिदले सांगतलं?"

"नाई."

"मी सांगन. पोरगं एवढ्या हौसेनं घेऊन आलं." पाणी प्याले. बाटलीचं झाकण शोधत राहिले, तिनं ते त्यांच्या हातात दिलं. "आता तू सांग. कसा आहे?"

"मोठा आहे."

"मोठा तं असंलच. कसा आहे?"

तिनं किल्ल्याकडं पाहिलं.  इतकी वर्षं रंगांबद्दल बोलायचं ते त्यांनी, करायचं ते तिनं. तिच्याकडं त्याची भाषाच नव्हती. "लाल आहे," ती म्हणाली. "लय मोठा आहे. दरवाजा आहे."

"असं नाई होणार," मुबीनभाई म्हणाले. "तू तिथी जाऊन उभी राह्य. त्या भिंतीच्या जेवढं जवळ जाऊ देते तेवढं. बाजूले बसून तुले सांगता येत नाई अन् मले इचारता येत नाई."

"इथी? एवढ्या लोकांत?"

"मंडईत हजार माणसं राह्यते. जाय."

जरीना उठली. ओढणी डोक्यावरून नीट घेतली, पिशवी त्यांच्या शेजारी ठेवली आणि चालत निघाली. फोटो काढणाऱ्या पोरांच्या मधून, फुगेवाल्याच्या बाजूनं, लोखंडी कठड्यापर्यंत. तिथून पुढं जाता येत नव्हतं. तिनं वळून पाहिलं. धुऱ्यापासून बांबूपर्यंत होतं तेवढंच साधारण अंतर. पांढऱ्या कुर्त्यातले मुबीनभाई कट्ट्यावरून उठून उभे राहिले होते. त्यांनी दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"जरीनाऽ!"

आसपासची माणसं वळली. गळा अजून तसाच होता, शेतं ओलांडणारा.

तिनं हात वर केला. फडकं नव्हतं, नुसता हात.

"जरीनाऽ! ऐकू आलं काऽ?"

तिनं हात आणखी उंच केला, टाचा उचलून. आणि मग तो तसाच वर राहिला, कारण आपण काय करतो आहोत हे तिला उमगलं. हा हात कोणाला दिसणार होता? ते वाट पाहत उभे होते. त्यांच्या मागून जाहिद येत होता, हातात कागदाचे पुडे, सोबत फरहत आणि इकरा. बापाची हाक ऐकून तो जागीच थांबला. त्यानं बापाकडं पाहिलं, मग समोर आईकडं. मुबीनभाईंचं तोंड जरीनाच्या दिशेनं नव्हतं. जरा उजवीकडं, फुगेवाल्याकडं वळलेलं होतं.

जरीनानं हात खाली घेतला.

"हाऽव!" ती ओरडली.

आवाज तिचा तिलाच परका वाटला. शिपायानं मान वळवून पाहिलं. मुबीनभाईंनी आवाजाच्या रोखानं चेहरा फिरवला, आणि आता तो नेमका तिच्याकडं झाला.

"बुरुज कसा आहे?"

"गोल! आपल्यापेक्षा जाडा!"

"लाल?"

"आपलाच जास्त आहे! हा फिक्का आहे, मातीवानी!"

"फिक्का?" त्यांना ते पटलं नसावं. "अन् छत्र्या?"

"लहान! आपण लय मोठ्या काढल्या!"

"लांबून दिसाले पायजे मनून काढल्या!" ते ओरडले.

दोन कॉलेजच्या पोरी मोबाईल वर करून व्हिडिओ घ्यायला लागल्या होत्या. इकरा काहीतरी विचारत होती. फरहतनं तिला जवळ ओढून घेतलं. जाहिदनं पुडे कट्ट्यावर ठेवले आणि तो बापाच्या मागं, दोन पावलं सोडून उभा राहिला. जरीनाला त्याचा चेहरा दिसत होता. त्याला सांगायचं काही उरलं नव्हतं.

"अन् झाड?" मुबीनभाईंनी विचारलं.

जरीनानं वळून किल्ल्याच्या डावीकडं पाहिलं. हिरवळ, कठडा, निळी पाटी. तिनं पुन्हा एकदा नीट पाहिलं.

"नाई!"

"काय?"

"झाड नाईऽ! इथी मोह नाईऽ!"

एवढं ओरडून तिचा घसा चरचरला. हात मानेवर गेला. घसा दुखत होता, चांगलाच दुखत होता, आणि तो तिचाच होता.

 पलीकडं मुबीनभाईंनी पुन्हा दोन्ही हात तोंडाभोवती धरले.

"मंग काढ!"

जरीना कठड्याला धरून उभी राहिली. हातात कुंचला नव्हता, शिडी नव्हती, खळ नव्हती. ती किल्ल्याच्या डावीकडं वळली, जिथं कॅलेंडरचा कोपरा उधईनं खाल्लेला होता तिथं.

"हाव," ती म्हणाली. आणि तेवढं त्यांच्यापर्यंत पोचणार नाही म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हणाली.